नाताळची सुट्टी आणि घरातला एक पडदा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली सुट्टी दिवाळीसारखी किंवा मे महिन्यासारखी नसते. गावी जाऊन यावे एवढी ती लांब नसते. काही शाळांना एकदोन दिवस मिळतात, मिशनच्या शाळांना आठ-दहा. सहल झालेली असते, स्नेहसंमेलन आटोपलेले असते, वार्षिक परीक्षा अजून दूर असते. दिवस लहान. मगरीब साडेसहाच्या आत होऊन जाते, इशाची जमात साडेआठपर्यंत आटोपते. बाहेर गारठा आणि घरात रात्रीचे दोन तास मोकळे.

या दोन तासांत काय होते, ते आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. अब्बू एका कोपऱ्यात बातम्या पाहत असतात, अम्मी स्वयंपाकघरात व्हिडिओ लावून आवराआवर करत असते, मोठा मुलगा कानात यंत्र घालून पांघरुणात शिरलेला असतो आणि धाकटी दादीच्या मोबाइलवर काहीतरी सरकवत बसते. पाच माणसे, चार पडदे. कोण काय पाहतो, हे दुसऱ्याला ठाऊक नसते.

गेल्या तीन वर्षांपासून आम्ही या सुट्टीत एक साधी गोष्ट करतो. घरात लहानसा प्रोजेक्टर आहे. रात्री जेवण लवकर उरकून, इशानंतर, भिंतीवर पांढरी चादर ताणतो आणि सगळे मिळून एक जुना, चांगला चित्रपट पाहतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत. सुट्टीत चार किंवा पाच संध्याकाळी, त्याहून जास्त नाही.

ज्या घरांत चित्रपट मुळीच पाहिला जात नाही, त्यांच्याशी आमचा वाद नाही. त्यांची परहेजगारी त्यांना मुबारक. पण जिथे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, तिथे सिनेमा पाहायचा की नाही हा प्रश्न उरलेलाच नाही. तो रोज पाहिला जातो, तुकड्या-तुकड्यांत आणि एकट्याने. तिथे प्रश्न एवढाच आहे की मुले काय पाहतात आणि त्यांच्या शेजारी कोण बसलेले असते. हा लेख अशा घरांसाठी आहे.

आधी थोडी तयारी

प्रोजेक्टर नवा घ्यायचा असेल तर जाहिरातीतल्या आकड्यांना भुलू नका. उजेडाचे माप ल्युमेनमध्ये सांगतात आणि स्वस्त यंत्रांवर हा आकडा वाटेल तेवढा मोठा छापलेला असतो. दुकानदाराला 'अ‍ॅन्सी ल्युमेन किती?' असे विचारा, म्हणजे खरे माप कळते. खोलीत पूर्ण अंधार करता येत असेल तर लहान यंत्रही पाच-सहा फूट रुंद चित्र नीट दाखवते. नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्या शिकवणी वर्गात पडून असलेला प्रोजेक्टर चार दिवस मागून आणला तरी चालतो. एवढ्यासाठी खर्च करायलाच हवा असे नाही.

यंत्र पडद्याच्या अगदी समोर, मधोमध ठेवा. खालून तिरके ठेवले की चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होते. जुने चित्रपट आजच्या टीव्हीसारखे पसरट नसतात, चौकोनाच्या जवळ जाणारे असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. त्या तशाच राहू द्या. ताणून बसवले की सगळी माणसे जाडी आणि बुटकी दिसतात. आवाजासाठी एक बाहेरचा स्पीकर पडद्याखाली ठेवा आणि तो शक्यतो तारेने जोडा. बिनतारी स्पीकरवर कधीकधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

चित्रपट कुठून आणायचे, हेही पाहायला हवे, कारण दुसऱ्याचा हक्क मारून केलेली करमणूक आपल्याला नको. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी संपतो. त्यामुळे 1940 आणि 1950च्या दशकांतले चित्रपट निर्धास्त पाहता येतात. त्यानंतरच्या चित्रपटांसाठी अधिकृत डीव्हीडी किंवा हक्क असलेल्या कंपनीने स्वतः उपलब्ध केलेली प्रत शोधा. आणि कोणताही चित्रपट मुलांना दाखवण्याआधी घरातल्या एका मोठ्या माणसाने तो पूर्ण पाहिलेला असावा. हा नियम आम्ही एकदाही सोडत नाही.

बुटांचे सिनेमे

पहिल्या वर्षी आम्ही एकच धागा ठरवला होता : कष्टाची कमाई. त्याप्रमाणे तीन चित्रपट निवडले. तिसऱ्या संध्याकाळी धाकटी म्हणाली, "सगळ्या सिनेमांत बूटच का आहेत?" खरेच तसे होते. तेव्हापासून आमच्या घरात त्यांना 'बुटांचे सिनेमे' म्हणतात.

पहिला 'बूट पॉलिश', 1954चा. राज कपूर यांची निर्मिती, दिग्दर्शन प्रकाश अरोरा यांचे. भोला आणि बेलू ही अनाथ भावंडे मुंबईच्या झोपडपट्टीत चाचीकडे राहतात आणि चाची त्यांना भीक मागायला लावते. शेजारचा जॉन चाचा त्यांना सांगतो की हात पसरायचे नसतात, हातांनी काम करायचे असते. मुले पैसे साठवून पॉलिशचा ब्रश आणि डबी घेतात. मग पावसाळा येतो, आणि चिखलात कोण बूट चमकवून घेणार? भूक लागते आणि भीक मागायची वेळ पुन्हा समोर येते. मुले तिथे श्वास रोखून बसतात. जॉन चाचाची भूमिका डेव्हिड यांनी केली आहे. तो स्वतः चोरून दारू विकतो आणि मुलांना मात्र सचोटी शिकवतो. आमच्या मोठ्याने विचारले, "मग तो चांगला की वाईट?" या प्रश्नावर जेवढे बोलणे झाले, तेवढे एखाद्या व्याख्यानाने झाले नसते.

नाताळच्या सुट्टीत हा चित्रपट आणखी एका कारणाने शोभतो. नाताळ आपला सण नाही. पण हजरत ईसा अलैहिस्सलाम आपले पैगंबर आहेत आणि त्यांच्या आईच्या नावाची, मरियमची, सूरा कुरआनात आहे. शेजारच्या ख्रिस्ती घरातून केक येतो तेव्हा हे मुलांना सांगण्याची संधी आपोआप मिळते. जॉन चाचा हा हिंदी सिनेमातला एक ख्रिस्ती शेजारी आहे, आणि अनाथ मुलांना आधार तोच देतो.

दुसरा 'दो बिघा जमीन', 1953चा, बिमल रॉय यांचा. 'बूट पॉलिश'मधला भोला आणि यातला कन्हैया, दोन्ही भूमिका रतन कुमार या एकाच बालकलाकाराच्या आहेत. त्याला ओळखताच मुलांनी ओरडून खोली डोक्यावर घेतली. इथेही तो बूट पॉलिश करतो. त्याचा बाप शंभू, म्हणजे बलराज साहनी, दोन बिघे जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. शंभूच्या हिशेबाने जमीनदाराचे देणे 65 रुपये असते, जमीनदाराच्या कागदावर ते 235 निघते. अंगठा उठवणाऱ्या माणसाला तो कागद वाचता येत नाही. 'शिकायचे कशाला?' असे विचारणाऱ्या मुलाला हे दोन आकडे दाखवावेत. मुलगा चोरीच्या वाटेचे पैसे आणतो तेव्हा पैशाची सर्वांत जास्त नड असलेला हा बाप त्याच्यावर हात उगारतो. हलाल आणि हराम कमाई हे शब्द आपण मुलांपुढे अनेकदा उच्चारतो. इथे त्यांना ते दिसतात.

तिसरा इराणचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन', 1997चा, माजिद माजिदी यांचा. भाषा फारसी, पण चित्रपट तासदीड तासाचा आणि गोष्ट इतकी सरळ की खालची अक्षरे वाचता न येणाऱ्या मुलालाही कळते. बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट अलीकडून हरवतात. घरात पैसे नाहीत, म्हणून अब्बांना सांगायचे नाही. बहीण जहरा सकाळच्या शाळेत भावाचे बूट घालून जाते, धावत परत येते आणि गल्लीत उभा असलेला अली तेच बूट घालून दुपारच्या शाळेला पळतो. आपल्याकडच्या दोन अधिवेशनांच्या शाळांतली मुले हे लगेच ओळखतात. मग धावण्याची शर्यत येते. तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार असतात, म्हणून अलीला पहिला नाही, तिसरा यायचे असते.

या चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. अलीचे अब्बा घरी बसून मशिदीसाठी साखरेचे खडे फोडत असतात. समोर साखरेचा ढीग आहे. जहरा त्यांना चहा आणून देते आणि ते चहासाठी साखर मागतात. ती म्हणते, तुमच्यासमोर एवढी साखर आहे की! ते सांगतात, ही मशिदीची आहे, आपल्याकडे विश्वासाने दिलेली आहे. अमानत म्हणजे काय, हे वर्गात उदाहरणे देऊन शिकवताना आम्हाला दरवेळी शब्द कमी पडतात. त्या माणसाने एका कप चहात ते शिकवले. त्या रात्रीनंतर कित्येक दिवस आमच्या घरात कुणी परवानगीशिवाय दुसऱ्याची वस्तू उचलली की मुले एकमेकांना म्हणत, "मशिदीची साखर!"

पडद्यावर आपण कुठे आहोत?

दुसऱ्या वर्षी धागा बदलला. त्याला एक कारण घडले.

नात्यातल्या एका मुलाला शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटुकल्यात काम मिळाले. काम दहशतवाद्याचे. ते त्यालाच का दिले, हे बरोबरच्या मुलांनी हसत सांगितले आणि त्यानेही घरी येऊन ते हसतच सांगितले. त्याला वाईट वाटलेले नव्हते. आम्हाला त्याचीच चिंता वाटली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला असे वाटत होते की हे काम आपल्यासारख्याचेच असते. शिक्षकांनी हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. सगळे जण जे पडद्यावर पाहतात, तेच नाटकात उतरते. गेली काही वर्षे पडद्यावरचा मुसलमान कसा दिसतो, हे वेगळे सांगायला नको.

यावर उपाय म्हणून आपण मुलांना जुने 'मुस्लिम सोशल' दाखवतो. 'चौदहवीं का चाँद' (1960), 'मेरे महबूब' (1963). अदब आहे, तहजीब आहे, उर्दू कानाला गोड लागते. घरातल्या मोठ्यांना ते प्रिय आहेत आणि आम्हालाही. पण ते पाहून धाकटीने विचारले, "आपण नवाब होतो का?" आता काय सांगावे? आपले आजोबा-पणजोबा शेतकरी होते, विणकर होते, बागवान, तांबोळी, खाटीक, मच्छीमार होते. घरात दखनी किंवा कोकणी बोलत, बाजारात मराठी. झुंबरे आणि शेरवान्या आपल्या घराण्यात कुणी पाहिल्या नाहीत. खलनायकाचे चित्र खोटे आहे हे मुलाला पटवायचे, तर त्याच्या जागी नवाबाचे दुसरे अनोळखी चित्र ठेवून भागत नाही. त्याला आपल्यासारखा माणूस दिसायला हवा.

तो आम्हाला सापडला 1941च्या एका मराठी चित्रपटात. प्रभातचा 'शेजारी'. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकर यांची. एका गावातले दोन म्हातारे, जीवबा पाटील आणि मिर्झा. शेजारी आणि जिवलग दोस्त. दोघे बुद्धिबळ खेळतात. गावात धरण बांधायला आलेल्या धनिकाला जमिनी हव्या असतात, गाव द्यायला तयार नसते, म्हणून तो या दोघांत फूट पाडतो. कान भरले जातात आणि वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो. शेवटी धरण फुटते तेव्हा हे दोघे एकमेकांचा हात धरून पाण्यात जातात.

मिर्झा नवाब नाही आणि खलनायकही नाही. तो गावचा माणूस आहे. त्याचे बोलणे, रुसणे, पटावरचा हट्ट सगळे आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या नानांसारखे आहे. हे काम गजानन जागीरदार यांनी केले. याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'पडोसी', तिच्यातही मिर्झा जागीरदारच आहेत, आणि हिंदू ठाकूरची भूमिका केली आहे मझहर खान यांनी. म्हणजे हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू झाला. लाहोरला पाकिस्तानचा ठराव झाला 1940मध्ये, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात हा चित्रपट तयार झाला, हे मोठ्या मुलांना जरूर सांगावे.

दोघे मरतात त्या ठिकाणी धाकटी रडली. मोठा मात्र वेगळेच बोलला : "त्यांनी एकमेकांना एकदा विचारलं असतं तर?" कानावर आलेली गोष्ट शेजाऱ्याला सरळ जाऊन विचारायची, की मनात धरून बसायची? आज कान भरायला धनिकाला गावात यावे लागत नाही. एक संदेश पुढे ढकलला की काम होते. हे आम्ही बोललो नाही. तेच म्हणाले.

मुले चौदा-पंधराच्या पुढची असतील तर 'गर्म हवा' दाखवावा. इस्मत चुगताई यांच्या कथेवरचा, एम. एस. सथ्यू यांचा, 1973चा. त्याहून लहानांना नको, कारण त्यात एका मुलीची आत्महत्या आहे, आणि ती पाहिल्यावर तिच्याविषयी बोलण्याची तयारी हवी. फाळणीनंतरचे आग्रा. सलीम मिर्झा यांचा बुटांचा कारखाना आहे. (पुन्हा बूट!) नातेवाईक एकेक करून सीमेपार जातात, हे जात नाहीत. मग कर्ज मिळत नाही, भाड्याने घर मिळत नाही. शहरात घर शोधताना आपल्यापैकी अनेकांनी नाव सांगितल्यावर बदललेला आवाज ऐकला आहे, त्यांना ही दृश्ये समजावून सांगावी लागणार नाहीत. सलीम मिर्झा ओरडत नाहीत, कुणाला शिव्या देत नाहीत आणि वाकतही नाहीत. ही भूमिका बलराज साहनी यांची, 'दो बिघा जमीन'मधल्या त्याच शंभूची. ते स्वतः रावळपिंडीचे, म्हणजे ज्यांचे गाव सीमेपलीकडे राहिले अशा हिंदू घरातले. एप्रिल 1973मध्ये, या चित्रपटाचे आपले काम संपवून लगेचच, ते वारले. शेवटी सलीम मिर्झा आणि त्यांचा मुलगा (फारुख शेख यांचा हा पहिला चित्रपट) स्टेशनच्या वाटेवर असतात, समोरून रोजगार मागणाऱ्यांचा मोर्चा येतो, आणि टांगा मागे फिरतो. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे काम कुणी दिलं तर मी करीन."

पाहताना आणि पाहून झाल्यावर

शिक्षकी पेशाने आम्हाला एक शहाणपण दिले आहे : गोष्ट संपल्याबरोबर 'यातून आपण काय शिकलो?' असे विचारू नये. मुले अपेक्षित उत्तर देतात आणि गोष्ट तिथेच संपते. आम्ही त्या रात्री काही विचारत नाही. दिवा लावतो, चादर घडी करतो, झोपायला पाठवतो. बोलणे निघते दुसऱ्या दिवशी नाश्त्याला, आणि ते मुलेच काढतात. काढले नाही तरी हरकत नाही.

लांब चित्रपट दोन रात्रींत दाखवावा. मध्यंतराला थांबले की 'पुढे काय होईल?' यावर दिवसभर पैजा लागतात. फजरला उठायचे घर असेल तर दहा-साडेदहाला पडदा खाली आलाच पाहिजे, आणि यात मोठ्यांनीच सूट मागू नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिल्या ओळीत बसवा. आमच्या अम्मींनी लहानपणी उरुसात आणि जत्रेत तंबूच्या टॉकीजमध्ये सिनेमे पाहिले आहेत. बायकांची बसायची जागा वेगळी असे, आणि रीळ तुटले की अख्खा तंबू ओरडत असे. हे सगळे आम्हालाही माहीत नव्हते. पडद्यावरचा एखादा उर्दू शब्द मुलांना अडला की दादी अर्थ सांगतात, आणि अर्थामागून त्यांच्या काळातली एखादी गोष्ट येते.

त्यांच्यामुळे आणखी एक लाभ झाला. जुन्या अनेक हिंदी चित्रपटांचे नाव सुरुवातीला तीन लिप्यांत येते : नागरी, उर्दू आणि रोमन. आता रोज संध्याकाळी धाकटी एका कागदावर त्या दिवसाच्या चित्रपटाचे नाव तसेच तीन लिप्यांत लिहून दारावर लावते. ती मराठी शाळेत शिकते. मकतबात कायदा झाल्यामुळे अरबी अक्षरे येतात, उर्दू येत नाही. 'बूट पॉलिश' लिहायला बसली आणि अडली. अरबीत 'पे' नाही आणि 'टे'ही नाही, या दोन शब्दांत मात्र दोन्ही आहेत. दादींनी तिचा हात धरून ती दोन अक्षरे गिरवून घेतली. घरातली उर्दू एका पिढीत कशी सुटत चालली आहे, यावर आपण सभा घेतो, ठराव करतो. पाच चित्रपटांच्या पाच कागदांवर तिला सगळी जादा अक्षरे येऊ लागली.

शेवटची संध्याकाळ शेजाऱ्यांसाठी राखून ठेवा. कुठल्याही धर्माचे असोत, मुलांसह बोलवा. चहा आणि भाजलेल्या शेंगा एवढा पाहुणचार पुरे. त्या दिवशी 'शेजारी' लावला तर उत्तमच. आपल्या घरात आपल्या शेजाऱ्याच्या मुलाने मिर्झाला पाहावे आणि आपल्या मुलाने जीवबाला, हे कोणत्याही भाषणापेक्षा जास्त काम करते.

या सुट्टीत पाचही संध्याकाळी जमल्या नाहीत तर दोन करा. प्रोजेक्टर नसेल तर घरातल्या टीव्हीवर करा. पण सगळ्यांनी एकाच पडद्यासमोर बसा आणि आपले मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, मोठ्यांनी आधी.